अंगठा विकणाऱ्याचा

अहो, तुमची गाडी विकायला काढली होती. तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला होता आणि मंदार बंगळूरहून एक दिवसाआड फोन करून सांगत होता, आई, गाडी उभी राहिली की बॅटरीही जाते आणि टायरही जातात, देऊन टाक. मी म्हटलं, देते. आता देणार नाहीये. का, ते सांगायला बसले आहे, आणि या खेपेला तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच माझं बोलणं पुरं होईल.

तुमच्याबद्दल चांगलं जे बोलायचं ते सोसायटीच्या हॉलमध्ये बोलून झालं. खुर्च्या कमी पडल्या. ज्यांची नावंही मला ठाऊक नाहीत अशी माणसं उठून सांगत होती की नाना नसते तर आम्ही फसलो असतो, नानांनी रविवार मोडून आमच्यासाठी गाडी बघितली, चहाशिवाय काही घेतलं नाही. एक जण तर बोलता बोलता रडायलाच लागला. मी पुढच्या रांगेत बसून मान हलवत होते. सगळे खरंच बोलत होते. नाना खोटं बोलत नाहीत हे अख्ख्या पनवेलला ठाऊक होतं, आणि तेव्हा मलाही तेच ठाऊक होतं.

तुमचं गाडी बघणं मला पाठ आहे. कितीदा तुमच्याबरोबर आले आणि विकणाऱ्याच्या बायकोशी गप्पा मारत बसले. आधी बॉनेटवर तळहात ठेवायचा. गरम लागला की समजायचं, आपण येण्याआधी इंजिन चालू करून ठेवलंय, म्हणजे थंड असताना काहीतरी लपवण्यासारखं आहे. मग दाराचं रबर ओढून आतले वेल्डिंगचे ठिपके बघायचे. मग डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात नाक घालायचं, गाडी पुरात बुडालेली असेल तर तो वास जात नाही म्हणायचात. एकदा बेलपाड्यात एका माणसाने गाडीभर अत्तर शिंपडलं होतं. तुम्ही दार उघडलंत, शिंकलात, आणि दार लावून परत निघालात.

आणि शेवटी तो बोटांचा हिशेब. डाव्या हाताच्या बोटांवर गुण, उजव्या हाताच्या बोटांवर दोष. उजव्या हाताची चार बोटं मिटायची आणि अंगठा तसाच उभा ठेवून विकणाऱ्याकडे बघायचं. "चार दोष मी सांगितले. पाचवा तुम्ही सांगा. अंगठा विकणाऱ्याचा." जो म्हणेल की गाडीत दोषच नाही, त्याची गाडी तुम्ही कुणाला घेऊ दिली नाहीत. जो स्वतःच्या तोंडाने सांगेल की साहेब, दुसरा गिअर जरा अडतो, त्याची घ्यायला लावायचात. दोष असलेली गाडी चालते, दोष झाकणारा माणूस चालत नाही, असं तुम्ही म्हणायचात. किती छान वाटायचं मला ऐकायला. माझा नवरा म्हणून अभिमान वाटायचा हो.

अकरा वर्षांपूर्वी आपली गाडी घेतलीत. राखाडी रंगाची, छोटी, दोन वर्षं वापरलेली. बघायला एकटेच गेलात, आणि घरी येऊन मला हातावर सगळं मोजून दाखवलंत. मी पोहे परतत होते. गुण म्हणजे जुन्या पनवेलच्या बाजारातल्या गल्लीतसुद्धा एका दमात वळते, पेट्रोल कमी पिते, सुटे भाग कुठल्याही टपरीवर मिळतात, क्लच अगदी हलका. दोष म्हणजे चौघं बसली आणि एसी चालू असला की कर्नाळ्याच्या चढावर धापा टाकते. भार असला की गतिरोधकावर पोट घासते. वजनाला हलकी, त्यामुळे शेजारून कंटेनर गेला की डुलते. आणि काचेच्या उजव्या बाजूचा खांब इतका जाड की वळताना मोटारसायकलवाला त्याच्यामागे अख्खा लपतो.

"आणि अंगठा?" मी विचारलं. मलाही तो खेळ आवडायचा.

"विकणाऱ्याने सांगितलं ना," तुम्ही म्हणालात, "ड्रायव्हरची सीट खाली आहे, वर होत नाही. तुझ्या उंचीला जमायची नाही ती. बसलीस तर तुला स्टेअरिंगच दिसेल, रस्ता नाही."

मी चार फूट दहा इंच. लग्नाआधी पेणला असताना मोटार ट्रेनिंगवाल्याकडे शिकले होते, परीक्षेला पहिल्या खेपेत पास झाले होते. पोह्यांवर झाकण ठेवलं आणि म्हटलं, मग ही कशाला घेतलीत?

"मी आहे ना," तुम्ही म्हणालात.

त्या सीटवरून आपण किती भांडलो. मी उशी घेऊन बसते म्हटलं, तर ब्रेक मारला की उशी घसरते आणि बाई स्टेअरिंगखाली जाते, म्हणालात. खालच्या मैदानात एकदा बसूनही पाहिलं होतं मी. खरंच बॉनेट दिसत नव्हतं, डॅशबोर्डच्या वरून फक्त समोरच्या इमारतीचा तिसरा मजला दिसत होता. तुम्ही बाहेर उभं राहून हसत होतात आणि मीही हसले. मग ही विका, दुसरी घेऊ म्हटलं, तर पुढच्या वेळी बघू. पुढची वेळ म्हणजे कधी, हे शेवटपर्यंत सांगितलं नाहीत. गंमत म्हणजे माझं लायसन्स मात्र वेळच्या वेळी रिन्यू करून आणायचात. आरटीओत मला घेऊन जायचात, फोटो काढताना पदर नीट कर म्हणायचात. बायकोकडे लायसन्स आहे हे चारचौघांत सांगायलाही तुम्हाला आवडायचं.

आता आईचा दिवस. यावर आपण एकदाही धड बोललो नाही. मी विषय काढला की तुम्ही उठून बाल्कनीत जायचात.

चार वर्षं झाली. सकाळचे अकरा वाजले होते. पेणहून विजूचा, माझ्या भावाचा फोन आला. "ताई, आई तुझं नाव घेतेय. डॉक्टर म्हणतात, बोलवून घ्या. लगेच निघ." तुम्ही उरणला कुणासाठी तरी गाडी बघायला गेला होतात, त्यांच्याच गाडीतून. आपली खाली उभी होती, किल्ली खिळ्यावर. मी तुम्हाला फोन केला. "तू एकटी निघू नकोस, रिक्षा-टॅक्सी कशाला, मी तासाभरात पोचतो," म्हणालात. "मी आहे ना." मी साडी बदलून, पिशवी भरून खाली येऊन गाडीशेजारी उभी राहिले. तास झाला. विकणारा अंगठ्याचा दोष सांगत नव्हता म्हणून तुम्ही तिथे अडलात. मग बंदराच्या रस्त्यावर कंटेनरची रांग लागली. दुसऱ्या तासाला मी परत फोन केला, तेव्हा हे काय, पोचलोच, म्हणालात. अडीच तासांनी आलात.

मी टॅक्सी करायला हवी होती. ती चूक माझी, ती तुमच्यावर टाकत नाही. पण तुम्ही येतो म्हणालात की मी थांबायचे, मला तशी सवयच लागली होती. पेणला पोचलो तेव्हा आईच्या नाकात कापूस घातलेला होता. विजूने सांगितलं, दोनदा विचारलं तिने, शैला आली का. जाताना तुम्ही कर्नाळ्याला एसी बंद केलात, गाडीला चढ जड जातो म्हणून. तेवढंच मला त्या रस्त्याचं आठवतं.

त्यानंतर मी गाडीवर चिडले, तुमच्यावर नाही. मेली सीट, असं मनात म्हणायचे. सीट वर झाली असती तर मी गेले असते. चार वर्षं मी एका सीटवर राग धरून बसले, ऐकताय ना?

तर गेल्या महिन्यात रुखसाना आली. तुम्हाला आठवेल, जुन्या पनवेलची, शाळेत शिकवते, नवरा दुबईला असतो. तीन वर्षांपूर्वी तुम्हीच तिला गाडी घ्यायला मदत केली होती, नेमकी आपल्यासारखीच, त्याच मॉडेलची. आता तिच्या धाकट्या बहिणीला हवी होती. खाली गाडीशी आम्ही दोघीच होतो. तिने बॉनेटवर तळहात ठेवला, रबर ओढलं, डिकीत नाक घातलं. सगळं तुमच्यासारखं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिच्याही.

"अल्ला नानांना जन्नत देवो," ती म्हणाली. "काकू, नियम तर पाळायला पाहिजे. अंगठा विकणाऱ्याचा. एक दोष तुम्ही सांगा."

मला आनंदच झाला, कारण तो दोष माझ्याइतका कुणाला ठाऊक होता! मी सांगितलं, "ड्रायव्हरची सीट वर होत नाही गं. बुटक्या बाईला चालवता येत नाही."

ती हसली. मी थट्टा करतेय असं तिला वाटलं. "काय काकू! वर होते म्हणून तर नानांनी मला ही गाडी घ्यायला लावली. म्हणाले, तुमचे मियां परदेशात, गाडी तुम्हालाच चालवायची, उंची तुमची कमी, तेव्हा दुसरी कुठली बघूच नका. पहिलं बोट त्याच गुणासाठी मिटलं होतं त्यांनी." असं म्हणून तिने दार उघडलं. सीटकव्हरची झालर वर केली. सीट आणि दार यांच्या मधल्या जागेत एक काळी दांडी होती. तिने ती धरून चार-पाच वेळा वर ओढली, आणि सीट वर आली.

"बसा ना काकू," ती म्हणाली. मी बसले. बॉनेट दिसलं. बॉनेटच्या पुढे सोसायटीचं गेट दिसलं, गेटबाहेर रिक्षा उभी होती ती दिसली, तिच्या मागे लावलेली लिंबू-मिरचीसुद्धा दिसली. सगळं दिसत होतं हो! रुखसाना काहीतरी बोलत होती. मी तिला म्हटलं, आज नको, नंतर ये. ती बिचारी घाबरून गेली, मी आजारी आहे असं वाटलं तिला.

तरी मी तुमची बाजू घेतली. नानांना आपल्याच गाडीतली दांडी माहीत नसेल, कव्हराखाली राहून गेली असेल, असं स्वतःला दोन दिवस समजावलं. तिसऱ्या दिवशी बाळारामच्या गॅरेजवर गेले. तुमचा सगळ्यात जुना दोस्त, तुमच्यासाठी हॉलमध्ये एक शब्द न बोलता मागे भिंतीला टेकून उभा होता तो. मी सरळच विचारलं.

बाळाराम कापडाने हात पुसत राहिला. "वयनी, आता तुमाला काय सांगू. नानाला ठाव नाय असं गारीत काय हाय?"

"कव्हर कुणी बसवलं?"

"माझ्यासमोरच बसवलान. मी बोल्लो, नाना, लिव्हर झाकतंय, जरा कापूया. तो बोल्ला, ऱ्हाव दे." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "घाबरायचा तो. तुमी एकल्या कुठं जाल म्हनून."

"कुठे जाणार होते मी?"

"ता नाय बोल्ला."

मी सांगते कुठे जाणार होते. आईकडे जाणार होते. अकरा वर्षांत दुसरीकडे कुठे जायचं मला सुचलंही नसतं. आणि तुम्ही घाबरलात ते कशाला? माझा अपघात होईल म्हणून? मग तेवढं तोंडाने म्हणायचं होतं, भांडले असते, ऐकलंही असतं. की तुम्हाला विचारल्याशिवाय मी उठून जाईन म्हणून? की रविवारी तुमच्या हाताला काम उरणार नाही म्हणून? मी रोज एक कारण धरते आणि संध्याकाळपर्यंत सोडून देते. तुम्ही असतात तर बाल्कनीत गेला असतात.

सगळ्यात झोंबलं ते हे की तो दोष तुम्ही स्वतः सांगितला नाहीत, विकणाऱ्याच्या तोंडी घातलात. ज्या अंगठ्यावर तुमचं नाव झालं, तोच माझ्यासमोर खोटा उभा केलात. बाहेरच्या बायकांना गुण म्हणून सांगितलंत आणि घरच्या बाईला दोष म्हणून. आणि आईच्या दिवशी, मी पिशवी घेऊन गाडीशेजारी उभी आहे हे माहीत असताना, फोनवर नुसतं म्हणाला असतात की शैला, झालरीखाली दांडी आहे, वर ओढ आणि हळूहळू जा, तर मी अकरा वर्षांचं सगळं तिथेच माफ केलं असतं. दोन फोन झाले आपले. दोनदा सांगता आलं असतं.

तुम्ही वाईट होतात असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण माझे गुडघे गेले तेव्हा फिजिओथेरपीला दोन महिने रोज नेलंत, आणि गाडीत बसवताना डोक्याला दार लागू नये म्हणून वर हात धरायचात. एसीची जाळी माझ्याकडून वळवून ठेवायचात, मला सर्दी होते म्हणून. मी शेजारी असताना तुम्ही एकदाही करकचून ब्रेक मारला नाहीत. दर दुसऱ्या रविवारी आईकडे न्यायचात, तिच्या अंगणातून वालाची आणि तांदळाची पोती डिकीत घालताना स्वतःची पाठ धरून बसायचात. डावीकडची सीट तुम्ही माझ्यासाठी अगदी सुखाची करून ठेवली होती. ते सगळं मला हवंही होतं. मी नाही म्हणत नाही.

बायका आयुष्यभर अहो म्हणतात आणि मनातलं मनात ठेवतात. मलाही एकदा तुम्हाला अरे म्हणून, दंडाला धरून, त्या सीटशेजारी उभं करून विचारायचं होतं. तुम्ही सोमवारी सकाळी चहा अर्धा ठेवून गेलात. माझ्या रागाला आता माणूसच नाही. तुमच्या फोटोला हार घालताना हात मध्येच थांबतो, तर शेजारच्या काकूंना वाटतं, केवढं दुःख झालंय हिला. दुःखही झालंय. दोन्ही एकाच हातात आहे, मला वेगळं करता येत नाही.

गाडी विकणार नाही म्हणून मंदारला सांगितलं. तो म्हणाला, चालवणार कोण? मी म्हटलं, लायसन्स माझ्याकडे आहे, तुझ्या बाबांनीच रिन्यू केलंय. सेक्टरमधल्या ट्रेनिंगवाल्या बाईंकडे पंधरा दिवस गेले, मग रुखसाना दोन रविवार खारघरच्या रुंद रस्त्यावर शेजारी बसली. तिच्या बहिणीला बाळारामने दुसरी गाडी बघून दिली. सीटकव्हर मी काढून टाकलं. खालचं मूळ कापड अजून कोरं करकरीत आहे.

आणि काल, रविवारी, एकटी पेणला गेले.

तुम्ही सांगितलेले चारही दोष खरे निघाले. पळस्प्याच्या पुढे कंटेनर शेजारून गेला आणि गाडी डुलली, पण मला ठाऊक होतं म्हणून स्टेअरिंग घट्ट धरलं. उजवीकडे वळताना मान पुढे काढून खांबामागे बघितलं, तर खरोखरच तिथे मोटारसायकल होती. तुम्ही सांगितलं नसतं तर तो माणूस माझ्या हातून गेला असता. कर्नाळ्याचा चढ आला तसा एसी बंद केला, हात आपोआपच गेला. सबंध रस्ता तुम्ही मला सांभाळून नेलंत, आणि सबंध रस्ता मी तुम्हाला शिव्या देत होते. पाऊण तासाचा रस्ता, मला सव्वा तास लागला. म्हणजे त्या दिवशी अकराला निघाले असते तर सव्वाबाराला पोचले असते. आई एकपर्यंत होती.

अंगणात गाडी उभी करून हॉर्न वाजवला. विजू बाहेर आला. त्याला मी येणार हे सांगितलं नव्हतं. राखाडी गाडी बघून त्याचा चेहरा आधी गोंधळला, मग वर्षानुवर्षांच्या सवयीने तो डाव्या बाजूला गेला, माझ्यासाठी दार उघडून धरलं आणि म्हणाला, "ये ताई."

आत कोणी नव्हतं. मी उजवीकडून उतरले.